आधी खडू, मग खरेदी



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतले एक बांधव घरी आले. फंडातून पैसे काढले आहेत, घर दुरुस्तीला काढतो आहे, असे सांगून त्यांनी खिशातून दुकानाचे रंगीत पत्रक काढले आणि विचारले, "दादा, यातला कुठला सोफा घेऊ?" मी विचारले, "बाहेरची खोली किती बाय किती आहे?" ते म्हणाले, "असेल की दहा-बारा फूट." नक्की माप त्यांना ठाऊक नव्हते. दार आत उघडते की बाहेर, खिडकीपासून भिंत किती उरते, याचाही विचार झाला नव्हता. सोफ्याचा रंग मात्र ठरला होता.

मी त्यांना हसलो नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. आज तीच हकिकत सांगतो. ज्यांच्या घरात लवकरच मिस्त्री किंवा सुतार येणार आहे, त्यांनी ती जरूर वाचावी.

आमची विक्रोळीची खोली. बाहेरची १० बाय १२, आत १० बाय ७चे स्वयंपाकघर, त्यातच मोरी. माणसे पाच : माझी आई, आम्ही दोघे, मुलगी आणि मुलगा. २०१७च्या दिवाळीआधी आम्ही घर दुरुस्त केले. माझ्याकडे कामाकाजासाठी माणसे येत असतात. कुणाला रेशनकार्डाचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाला शिष्यवृत्तीचा. त्यांना बसायला नीट जागा असावी म्हणून मी २८,००० रुपयांचा सोफासेट घेतला आणि समोरच्या भिंतीला टीव्हीचे युनिट करून घेतले. दिवाळीत जो येई तो म्हणे, "वा, घराचा नूर पालटला!" मलाही मोठा अभिमान वाटला.

नोव्हेंबरात एके रात्री मीटिंग आटोपून अकरा वाजता परतलो. पाहतो तो मुलगी सामाईक गॅलरीत स्टूल टाकून, दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेली. पायाशी मच्छर अगरबत्ती. तिचे ते दहावीचे वर्ष. मी रागावून म्हणालो, "घर सोडून इथे का बसलीस?" ती शांतपणे म्हणाली, "घरात जागा कुठे आहे, पप्पा? सोफ्यावर बसून मांडीवर वही घेतली की अक्षर वाकडं येतं. आणि खाली बसायला आता जमीनच उरली नाही."

मी आत गेलो. पत्नी जागीच होती. ती म्हणाली, "अहो, हे घर आपण येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी केलं. राहणाऱ्यांचं काय?"

मी पडलो कारकून. रात्री झोप येईना, म्हणून कागद घेऊन हिशेब मांडला. खोली १२० चौरस फूट. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब आणि पावणेतीन फूट खोल, शिवाय दोन खुर्च्या, मिळून ३३ चौरस फूट. टीव्हीचे युनिट ९. टीपॉय साडेचार. लोखंडी कपाट पाऊणपाच. बेरीज ५१ चौरस फूट. उरले ६९. आता पाच माणसांना अंथरूण टाकायला माणशी ६ बाय अडीच, म्हणजे १५ चौरस फूट धरले तर ७५ लागतात. म्हणजे पाच माणसांच्या घरात मी पाच माणसांना झोपायलाही जागा ठेवली नव्हती! मुलगा स्वयंपाकघरात ओट्याखाली का झोपू लागला होता, ते मला त्या रात्री कळले. हा हिशेब मी खरेदीच्या आधी केला असता तर त्याला दहा मिनिटे लागली असती.

जानेवारीत तो सोफासेट ११,००० रुपयांना विकला. १७,००० बुडाले. त्या जागी आत सामान ठेवता येईल असा ६ बाय अडीच फुटांचा दिवाण केला आणि खिडकीपाशी भिंतीला दुमडणारे टेबल बसवले. मुलगी परीक्षेपर्यंत त्या टेबलापाशी बसली. आज ती नर्सिंग पूर्ण करून नोकरीला लागली आहे. पण ते अडीच महिने तिने गॅलरीत काढले, ते मला अजून विसरता येत नाहीत.

घराचे वेळापत्रक मांडा

तेव्हा पहिली गोष्ट ही की, दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. एका कागदावर सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहावे आणि प्रत्येक तासाला कोण कुठे असते, काय करते, ते समोर मांडावे. आमच्या कागदावर संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात आईची मालिका, मुलीचा अभ्यास, मुलाचा गृहपाठ आणि माझ्याकडे आलेली माणसे, हे सगळे त्याच १२० चौरस फुटांत होते. हा पेच कुठल्याही फर्निचरने सुटणारा नव्हता. मग ठरवले की माणसांनी माझ्याकडे रविवारी सकाळी यावे, आणि परीक्षा होईपर्यंत आईची मालिका दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा बघायची. आई एका शब्दाने मान्य झाली. तिला आजवर कुणी विचारलेच नव्हते, एवढेच.

या बैठकीत बायकांना आणि मुलांना आधी बोलू द्यावे. पुरुष घरात कमी वेळ असतो आणि घराबद्दल जास्त बोलतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

खडूने जमिनीवर आखा

दुसरी गोष्ट मापाची. टेप घेऊन प्रत्येक भिंत, दार, खिडकी मोजा आणि मुलांच्या चौकटीच्या वहीत नकाशा काढा. एक फूट म्हणजे दोन चौकटी धरा. जी वस्तू घ्यायची तिचा त्याच मापाचा कागद कापून नकाशावर फिरवून बघा. नंतर खऱ्या खोलीत जमिनीवर खडूने त्या वस्तूची चौकट आखा आणि दोन दिवस तिच्यावर पाय न देता घरात वावरा. अडचण कुठे होते ते लगेच कळेल. हा उपाय फुकटचा आहे, आणि सोफा विकून १७,००० घालवण्यापेक्षा बरा आहे.

आखताना चार गोष्टी विसरू नका. एक, माणसाला जायला-यायला अडीच फूट वाट हवी. दोन, कपाट तीन फूट रुंद असेल तर त्याची प्रत्येक झडप दीड फूट पुढे येते, म्हणून तेवढी जागा मोकळी हवी. तीन, अभ्यासाचे टेबल दोन फूट रुंद तरी असावे, तीन असेल तर उत्तम. खोली दीड फूट पुरते आणि उंची अडीच फूट. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. चार, जिना आणि दार मोजा. वस्तू खोलीत मावते, पण जिन्याच्या वळणावर अडते, असे नेहमी घडते.

मोठे घर मिळाले म्हणजे हे करायला नको, असे समजू नका. बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. वरळीत पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. अशा वेळी जागा अपार वाटते आणि हात सैल सुटतो. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या ३०० चौरस फुटांच्या घराचीही तीच गोष्ट. जागा वाढली म्हणून आखणी टळत नाही.

ओटा कोणाच्या मापाचा?

मिस्त्री ओटा आपल्या सवयीने बांधतो. रोज त्यापाशी उभी राहणारी बाई किती उंच आहे, हे तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही. मग कंबर आणि खांदे वर्षानुवर्षे दुखत राहतात. माप सोपे आहे. जी बाई जास्त वेळ स्वयंपाक करते तिने सरळ उभे राहून कोपर दुमडावे. कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीतून चार इंच वजा करा. साधारण पाच फूट उंचीच्या बाईला ३३-३४ इंचांचा ओटा ठीक होतो. त्यावर शेगडीची उंची आणखी चढते, हे लक्षात ठेवून एखादा इंच कमीच करावा. घरात भाकरी खाली बसून थापणारी म्हातारी असेल तर तिच्या पाटापुरती जागा सोडा. गॅसचा सिलिंडर जमिनीवर, उभा आणि हवा खेळती राहील असा ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून ओट्याखाली दारे लावलीत तर त्यांना तळाशी जाळी हवीच.

न दिसणारी कामे आधी

टाइल आणि रंग पाहुण्यांना दिसतात. वायर आणि नळ दिसत नाहीत, म्हणून आपण तिथे काटकसर करतो. हे उलटे आहे. आधी तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, मग प्लास्टर, लादी, नंतर सुतारकाम, आणि रंगाचा शेवटचा हात सगळ्यांत शेवटी, हा क्रम ठेवा. गीझरला स्वतंत्र जाड वायर घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. बसवा. शॉक लागताच तो क्षणात लाइट बंद करतो. अभ्यासाच्या टेबलापाशी प्लग आणि दिवा कुठे येणार, ते वायरमनला प्लास्टरच्या आधी सांगा. नंतर सांगितले तर नवी भिंत फोडावी लागते.

आणि खांब-तुळईला हात लावू नका. २५ जुलै २०१७ रोजी आमच्या शेजारच्या घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली. १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत खांबांना धक्का पोचल्याचा आरोप झाला. खोली मोठी दिसावी म्हणून भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या. आपल्या डोक्यावर दुसऱ्याचे घर असते.

हिशेबाची वही

वहीत तीन रकाने पाडा : लागलेच पाहिजे, लागेल, हौस. गळती, वायरिंग, ओटा, अभ्यासाची जागा पहिल्यात. कपाट, दिवाण दुसऱ्यात. बाकी तिसऱ्यात. पहिला रकाना पुरा झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला ठेवा, कारण जुनी भिंत फोडली की आत काहीतरी निघतेच. मिस्त्रीला सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काम, माल आणि हप्ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीचा असला तरी घ्या; ओळख टिकते ती त्यानेच.

कर्जाचेही पाहा. कुणी सांगेल, "१२ टक्के फ्लॅट." ऐकायला गोड वाटते. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी घेतले तर फ्लॅट पद्धतीने व्याज ३६,००० होते आणि हप्ता ३,७७८ रुपये बसतो. तेच १२ टक्के घटत्या शिलकेवर असतील तर हप्ता ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. दर एकच, फरक सोळा हजारांवर. फ्लॅट १२ टक्के म्हणजे खऱ्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या वर जाते. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : व्याज घटत्या शिलकेवर आहे का?

दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी सल्लागारही येतो आणि दिशा चुकली म्हणून दार फिरवायला सांगतो. दिशेचा विचार जरूर करा, पण तो वाऱ्यासाठी, उजेडासाठी आणि पावसाच्या झडीसाठी. दार फिरवायला जो खर्च येईल त्यात मुलाचे टेबल होते.

एक फळी पुस्तकांची

शेवटी एक गोष्ट. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे होते. १९२७चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा ते तिथेच राहत होते. पुढे १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते ग्रंथसंग्रहाला प्रशस्त जागा ठेवून. आपल्याला राजगृह बांधता येणार नाही. पण दहा इंच खोलीची एक फळी सगळ्यांना परवडते. फळी अडीच फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये आधार द्या, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने ती वाकते.

त्या बांधवांनी परवा खोलीत खडूने आखून पाहिले. सोफ्याची चौकट दाराला अडली. आता ते दिवाण करणार आहेत आणि त्यांच्या धाकट्याने टेबलाची जागा स्वतः निवडली आहे. मी जाऊन पाहिले. खिडकीच्या उजव्या बाजूला आहे, म्हणजे उजेड डावीकडून येतो.

पुढील अंकात मोरी आणि गळती यांविषयी. तोवर आपापल्या खोलीचे माप घेऊन ठेवा.