नकाशावरील खोटा ठिपका

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि नकाशावरील ठिपक्याची चूक ही केवळ कचेरीची बाब राहिली नाहीं. नुकसानभरपाईच्या वेळीं सातबाऱ्यावरील हीच नोंद पाहिली जाते.

अक्षांश १८ व रेखांश ७४ यांची अदलाबदल झाली, तर पुणें जिल्ह्यांतील शेत नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रांत पडतें. अशी चूक कोणासहि दिसते. परंतु आंकडे दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर ठिपका अर्धा किलोमीटर सरकून शेजाऱ्याच्या उसांत बसतो व कोणास संशयहि येत नाहीं.

ठिकाण ठाऊक नसतां घातलेला ठिपका आम्हांस सर्वांत वाईट वाटतो. इंटरनेटवरील यंत्रांच्या जागा सांगणारी एक अमेरिकन कंपनी, जागा न कळल्यास, देशाच्या मध्याजवळचा ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा बिंदु लिहीत असे. तो कॅन्सस संस्थानांत पॉटविन गांवाजवळच्या एका शेतावर पडे. २०१६ सालीं हें उघडकीस आलें, तोंवर ६० कोटींहून अधिक पत्ते त्या शेताच्या माथीं बसले होते. भामट्यांच्या शोधार्थ पोलीस त्या निरपराध शेतकऱ्यांच्या दारीं येत. पुढें कंपनीनें तो बिंदु एका सरोवरांत हलविला!

आमच्या पीक-अहवालांत तालुक्याचा मध्यबिंदु शेत म्हणून दाखवूं नये. ठिकाण नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. प्रत्येक ठिपक्याशेजारीं तो किती मीटर चुकूं शकतो हेंहि छापावें. आम्हीं शेतकऱ्यांनींहि छायाचित्र झाडाखालून किंवा बांधावरून न घेतां शेताच्या मध्यावरून, मोकळ्या आकाशाखालीं घ्यावें.