राग मानू नका, चौकशी होऊ द्या

मे महिन्याच्या उकाड्यात पवन एक्स्प्रेसमधून कल्याणला उतरलेलं अकरा-बारा वर्षांचं एक पोर. अंगात शाळेचा लोकरी स्वेटर, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. एका भल्या माणसाने त्याला वडापाव दिला, गावाकडचं तिकीट काढलं आणि परतीच्या गाडीत बसवायला निघाला. आरपीएफच्या बाईने अडवलं, तर त्यालाच राग आला. वडापाव ठीक होता. तिकीट मात्र नको होतं.

गेली बावीस वर्षं मी हेच काम करते. लोक समाजसेविका म्हणतात आणि मी दुरुस्त करायला जात नाही, पण पगार घेते हो मी. आमच्याकडे केसवर्कर म्हणतात. घरापासून लांब एकट्या सापडलेल्या मुलाचं घर शोधायचं, आणि त्याचा ताबा मागायला जो येतो त्याचंही घर बघून यायचं. पहिल्या कामाचं लोक कौतुक करतात. दुसऱ्याबद्दल शिव्या देतात. त्या शिव्या थोड्या कमी व्हाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्रवाशांसाठी थोडक्यात. मूल एकटं दिसलं तर 1098 फिरवा, नाहीतर आरपीएफला किंवा स्टेशन मास्तरांना सांगा, आणि कुणी येईपर्यंत तिथे थांबा. गर्दी जमवून उलटतपासणी घेऊ नका. घाबरलेलं पोर नावसुद्धा खोटं सांगतं. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मदत म्हणूनच टाकता हे मला कळतं, पण अशा मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो फोटो ज्याच्या तावडीतून मूल पळालंय त्याच्याही मोबाइलवर पोचतो. परत गाडीत तर बसवूच नका. ते कशामुळे निघालं हे तुम्हाला ठाऊक नसतं. घरात मारझोड असेल, कामाला लावणारा मुकादम असेल, किंवा नुसता नापास झाल्याचा धाक असेल.

चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मग बालगृह. इथे नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, कारण त्यांच्या कानावर ‘रिमांड होम’ एवढंच पडतं. मुंबईत डोंगरीची इमारत पूर्वी खरोखर तुरुंगच होती, तेव्हा लोकांना तरी काय दोष देणार! पण गुन्ह्याचा आळ आलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं आणि आधाराची गरज असलेल्यांसाठी बालगृह. तुमच्या पोराने काही केलेलं नसतं. त्याला शिक्षा म्हणून तिथे ठेवलेलं नसतं.

त्या स्वेटरवाल्या पोराला गावाचं नाव सांगता येत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे. तिसऱ्या दिवशी रंगीत खडू हातात दिल्यावर त्याने एक तळं काढलं, शेजारी वीटभट्टी, आणि म्हणाला, मंगळवारी हाट भरतो. मंगळवारचा बाजार, तळं आणि भट्टी एवढ्या भांडवलावर दरभंग्याकडच्या लोकांना फोन करत आम्ही गावाला पोचलो. वडील वारलेले, आई शेतमजूर. आणि मुंबईत साकीनाक्याला सख्खा चुलता, ज्याच्याकडे पोर निघालं होतं.

चुलता दुसऱ्याच दिवशी आला. आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये, सोबत केळी. “सगा भतीजा है मॅडम, और क्या चाहिए?”

बरंच काही पाहिजे होतं. मी त्याच्या खोलीवर गेले. दहा बाय बाराची खोली, मधोमध जरीकामाची चौकट ताणलेली, भोवती पाच कारागीर. पोर झोपणार कुठे, विचारलं. त्याने चौकटीखालची जागा दाखवली. दिवसा काय करणार? शाळा, म्हणाला. कुठली शाळा, ते काही सांगता येईना. मग जरा थांबून म्हणाला, मीही याच्याएवढा असताना आलो होतो, चौकटीवर बसूनच शिकलो, माझं काय वाईट झालं?

हा माणूस लबाड नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं हा गुन्हा आहे, आणि या खोलीत महिन्याभरात पोराच्या हातात सुई येणार हे त्यालाही कळत होतं, मलाही. मी अहवालात दोन्ही लिहिलं, त्याचा जीवही आणि ती चौकटही.

तेव्हा काका, मामा, थोरल्या बहिणींनो, आम्ही दार वाजवलं की अपमान मानू नका. खोली लहान आहे म्हणून मूल नाकारत नाहीत. निम्मी मुंबई त्यात नापास होईल. आम्ही बघतो घरात कोण कोण राहतं, दिवसा मुलाजवळ कोण असतं, ते आजारी पडलं तर रजा कोण काढणार. शेजाऱ्यांकडेही विचारतो, हो. मुलाशी तुमच्या गैरहजेरीत बोलतो आणि तुमच्याकडे यायचं का, हे त्यालाच विचारतो. नातं दाखवणारा कागद आणा: रेशन कार्ड, जन्मदाखला, सरपंचाचं पत्र. आईवडील गावी असतील तर त्यांच्याशी आमचं बोलणं करून द्या. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. घरी न्यायच्या घाईत ‘मीच बाप’ म्हणणारे भेटतात. खोटं उघडं पडलं की खरं नातंही संशयात जातं, आणि मुलाचे बालगृहातले दिवस वाढतात. सामाजिक तपासणीला कायद्याने 15 दिवस दिलेत आणि अंतिम आदेशाला चार महिने. कागद वेळेवर आले की बऱ्याचदा इतकं लांबत नाही.

कागदाचं महत्त्व उलट्या बाजूनेही सांगते. मे 2023 मध्ये बिहारहून सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघालेली 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवली गेली. तस्करीचा संशय होता. सोबतच्या मोठ्यांना अटक झाली, मुलं बरेच दिवस बालगृहात राहिली, आणि पुढे गैरसमजातून हे घडल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. तेव्हा दाढी, टोपी, भाषा यांवरून तर्क लढवू नका. मूल अडचणीत दिसतंय का ते बघा. आणि दुसऱ्याची मुलं घेऊन प्रवास करणाऱ्यांनी पालकांचं संमतिपत्र, शाळेचं पत्र आणि फोन नंबर जवळ ठेवावेत.

ताबा मिळाला की काम संपत नाही, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. मग खर्च दिसू लागतो. त्यासाठी योजना आहेत. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून महिना 4000 रुपये मिळतात. विधवा किंवा एकट्या आईचं मूल त्यात बसतं, खेड्यातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत आणि शहरात 96 हजारांच्या आत हवं. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा, एजंटला एक पैसाही द्यायचा नाही. आणि मुख्याध्यापकांना हात जोडून सांगते, दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्यात तसं करताच येत नाही. वयाला साजेशा वर्गात घ्या, कागद मागाहून येतील. वर्गात ‘पळून आलेला’ म्हणून ओळख करून देऊ नका, एवढं तरी नक्कीच जमेल.

पुन्हा भेटायला येऊ तेव्हा मुलाला नीटनेटकं करून बसवून ठेवायची गरज नाही. ते गल्लीत खेळत असेल तर मला जास्त बरं वाटतं.

स्वेटरवाल्याचा ताबा चुलत्याला मिळाला नाही. आई आली, तिचं भाडं चुलत्यानेच पाठवलं होतं. समितीने मुलाला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवलं, तिथून ते आईकडे गेलं आणि प्रायोजकत्वाचा अर्जही तिथेच झाला. चुलता त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दीड वर्षाने त्याचा फोन आला. शेजारच्या कारखान्यात कुणाचंसं पोर एकटंच येऊन धडकलं होतं. “1098 को लगाया मॅडम, आपके लोग गली भूल गये, किधर से लाऊँ?” मशिदीच्या मागच्या बोळातून आण, म्हटलं. त्याची खोली मला पाठ आहे.