सारखेपणाची कसोटी

आमवाताची एक रुग्णा गेली काही वर्षे उरणच्या माझ्या चिकित्सालयात येते. संधिवाततज्ज्ञांनी तिला इटानरसेप्टची इंजेक्शने सुरू केली आहेत. मूळ औषधाऐवजी स्वस्त असे जैवसमरूप औषध घ्यावे काय, असे तिने मला विचारले. 'हा आपल्या शास्त्राचा विषय नव्हे' असे म्हणून प्रश्न टाळता आला असता. परंतु ज्या शास्त्राने प्रतिनिधी द्रव्यांचा विचार शतकानुशतके केला, त्याच्या उपासकाला हे शोभत नाही.

इटानरसेप्ट हे ९३४ अमिनो आम्लांचे प्रथिन. १९९८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मुंबईच्या ल्युपिन कंपनीच्या सहभागातून तयार झालेल्या त्याच्या समरूप औषधास २०१९ मध्ये जपानने व २०२० मध्ये युरोपीय संघाने मान्यता दिली. असे प्रथिन जिवंत पेशींत घडत असल्याने त्याची तंतोतंत प्रतिकृती होत नाही. म्हणून तुलना करावी लागते. अवरक्त वर्णपटातील १६०० ते १७०० प्रति सेंटिमीटर हा पट्टा प्रथिनाच्या घड्यांची ठेवण सांगतो. अतिनील प्रकाशाच्या साहाय्यानेही तिची पडताळणी होते. दोन्ही औषधांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहतात.

तथापि आलेख जुळले म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. वर्णपट हा सरासरी सांगतो. अल्प प्रमाणातील बिघडलेले रेणू त्यात लपू शकतात. म्हणूनच २०१२ च्या व २०१६ मध्ये सुधारलेल्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनी जैविक क्रियेच्या व रुग्णांवरील चाचण्यांचीही पायरी सांगितली आहे.

आता आपल्या घरात पाहू. भावप्रकाशाने मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी आणि काकोली-क्षीरकाकोलीच्या अभावी अश्वगंधा सांगितली, ती गुणकर्मांच्या साम्यावरून आणि उघडपणे. परंतु गुळवेलीच्या नावाखाली तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात हाती येणे, हे प्रतिनिधित्व नसून फसगत होय. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने याच गोंधळाबाबत सावध केले होते. रस, वीर्य, विपाक यंत्राने मोजता येत नाहीत, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतात. तो मान्य आहे. पण यंत्राला आपण ते विचारतच नाही. 'हे द्रव्य तेच आहे काय?' एवढेच विचारतो. त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज गुणकर्मांची चर्चा व्यर्थ ठरते.

म्हणून औषधी दुकानदारांना दोन विनंत्या. वनौषधींच्या प्रत्येक खेपेबरोबर तिच्या क्रमांकाचा परीक्षण अहवाल मागावा. जैवसमरूप औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे आणि चिकित्सकाच्या संमतीविना एकाऐवजी दुसरे देऊ नये. कारखान्यात जुळलेला आलेख उरणच्या उन्हाळ्यात, बंद पडलेल्या शीतकपाटात टिकत नाही. आणि बाटलीवरील लेबल मात्र तसेच राहते.

त्या रुग्णेस मी सांगितले, "मान्यताप्राप्त समरूप औषध घेण्यास भिऊ नका, मात्र बदल तुमच्या तज्ज्ञांनीच करावा, आणि ताप किंवा खोकला आल्यास अंगावर काढू नका." माझ्या काढ्यातील गुळवेल खरी आहे काय, असे तिने विचारले नाही. तो प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याच आठवड्यात पुरवठादाराकडे अहवाल मागितला.