लेकीचा वाढदिवस
मुलीचा वाढदिवस घरीच व्हावा, असा माझा आग्रह आहे, आणि तो खर्चाच्या हिशेबाने नव्हे; पाटाभोवती रांगोळी रेखली जात असता, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू व अक्षता मांडल्या जात असता, ती चिमुरडी ज्या उत्कंठेने आजीच्या हातांकडे पाहत राहते, तिला भाड्याच्या सभागृहात अवकाशच नसतो. केक अवश्य असावा. मात्र मेणबत्त्या विझवण्यापूर्वी औक्षण व्हावे. शोभेच्या फुग्यांचे मला फारसे अगत्य नाही. पाहुण्या सवंगड्यांच्या सरबराईचा अखत्यार मात्र सर्वस्वी तिलाच द्यावा. भेळेचे द्रोण तिनेच भरावेत, कोणाला तिखट चालत नाही हे तिनेच विचारावे, आणि चिंचेची चटणी नव्या परकरावर सांडली, तरी तिच्या हातातला डाव कोणी काढून घेऊ नये.