थॅचर व्हायला तिघे तयार

लीड्सला नोकरी करणाऱ्या भाच्याचा रविवारी फोन आला. "मामा, आम्ही सात जण मिळून एक ऑनलाइन खेळ रचतोय. ब्रिटनचं राजकारण, पण घडलं त्यापेक्षा वेगळं. प्रत्येकानं एक खासदार व्हायचं. भाषणं करायची, माणसं जोडायची, फोडायची. आपल्या एका आठवड्यात खेळातला महिना सरणार. कॉम्प्युटरचं मी बघतो, इतिहासाचं तू बघ."

मी विचारलं, भूमिका ठरल्या का? तर थॅचर व्हायला तिघे तयार, कॅलॅहन व्हायला दोघे, एकाला मजूर पक्षाचा टोनी बेन हवा आणि भाचा स्वतः सूत्रधार. साधा खासदार व्हायला कोणी नाही. वरातीत सगळेच घोड्यावर!

खेळ सुरू कुठून करायचा, यावर मात्र एकमत होतं. २८ मार्च १९७९ची रात्र. कॅलॅहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवर अविश्वास ठराव आला होता. बाजूनं ३११ मतं, विरोधात ३१०. एका मतानं सरकार गेलं, ३ मेला निवडणूक झाली आणि हुजूर पक्षाच्या थॅचरबाई पंतप्रधान झाल्या. उत्तर आयर्लंडमध्ये पब चालवणारे अपक्ष खासदार फ्रँक मॅग्वायर त्या दिवशी समुद्र ओलांडून लंडनला आले, ते मत न देण्यासाठी! आणि मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन आलेच नाहीत. ते यॉर्कशरमध्ये अत्यवस्थ होते. आजारी खासदार रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारापर्यंत पोहोचला, तरी त्याचं मत धरलं जायचं. पण वाटेतच त्यांचं बरंवाईट झालं तर, या धास्तीनं त्यांना आणलं गेलं नाही.

मुलांचा बेत सोपा होता. ब्रॉटन यांना आणायचं. मग ३११ विरुद्ध ३११. बरोबरी झाली की सभापती मत देतात आणि परंपरेप्रमाणे ते अविश्वास ठरावाच्या विरोधात पडतं. सरकार वाचलं, खेळ सुरू.

मी वही घेतली आणि पुढचे पाच दिवस मांडले. २९ मार्चला लिव्हरपूलच्या एज हिलमध्ये पोटनिवडणूक होती. तिथे उदारमतवादी डेव्हिड ऑल्टन निवडून आले, म्हणजे विरोधकांचे ३१२. ३० मार्चला हुजूर पक्षाचे एअरी नीव्ह संसदेच्या वाहनतळातून बाहेर पडत असताना गाडीतल्या बॉम्बनं मारले गेले. विरोधक पुन्हा ३११. आणि २ एप्रिलला ब्रॉटन वारले. सरकारचे ३१०.

"म्हणजे फिरून ३११-३१०?" भाचा म्हणाला.

फिरून तेच. शिवाय त्या संसदेची पाच वर्षं ऑक्टोबरात संपतच होती. निवडणूक टळली असती ती काही महिने. आणि त्या हिवाळ्यातले संप कुठे पुसायचे? लिव्हरपूलला कबरी खणणारेसुद्धा कामावर नव्हते. लोक ते मतपेटीपर्यंत विसरणार नव्हते. आजाऱ्याला खडखडीत बरं करणं हा 'जर' नव्हे, तो नवस झाला. जर-तरच्या खेळात वळण असं हवं, की जिथे कोणीतरी माणूस ठरवून वेगळं वागू शकला असता.

तसं वळण त्याच रात्री आहे. आजारी खासदारापायी एका पक्षाचं मत बुडू नये म्हणून दुसऱ्या पक्षानंही आपलं एक मत बाजूला ठेवायचं, असा दोन्ही पक्षांच्या प्रतोदांमध्ये शब्द असे. मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन तो शब्द मागायला हुजूर पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले. वेदरिल म्हणाले, अविश्वासाच्या मतदानाला हा शब्द लागू नाही आणि आज घरी बसायला माझा एकही खासदार राजी होणार नाही. पण मी तुला शब्द दिलेला आहे, तेव्हा मीच मत देत नाही. पक्ष सत्तेच्या उंबरठ्यावर असताना हे करणं म्हणजे स्वतःच्या कारकिर्दीवर पाणी सोडणं होतं. हॅरिसन यांनी ते ओळखलं आणि त्यांना त्या शब्दातून मोकळं केलं. हॅरिसन यांचं सरकार पडलं. वेदरिल पुढे १९८३ साली सभापती झाले.

हॅरिसन "बरं, चालेल" म्हणाले असते तर? ३१०-३१०, सभापतींचं मत ठरावाविरुद्ध, सरकार तगलं. महिने तेवढेच मिळाले असते, पण थॅचरबाईंच्या पक्षात वेदरिल कायमचे गद्दार ठरले असते. पाच दिवसांत विरून जाणारा हा 'जर' नाही. याच्यावर खेळ उभा राहतो.

मुलांना पटलं. थॅचर कोण, हे आता चिठ्ठ्या टाकून ठरेल. उरलेल्या दोघांना मागच्या बाकावर बसून मतं मोजावी लागतील, आणि खरं राजकारण तिथेच कळेल. हॅरिसनची भूमिका मी घेतली आहे. पुढच्या शनिवारी पहिलं मतदान आहे.

वेदरिलची जागा मात्र अजून रिकामी आहे. दिलेल्या शब्दासाठी पक्षाच्या शिव्या खायला तयार असणारं कोणी ओळखीत असेल, तर शनिवारच्या आत कळवा.