अल्सासचा फेसाळ पेला आणि आपली औषधे

मुलांकडे फ्रान्सला गेलेल्या ज्येष्ठांपुढे समारंभात कधी ‘क्रेमाँ दाल्सास’चा पेला येतो. पूर्वेकडील अल्सास प्रांताची ही फेसाळ वाइन. शँपेनप्रमाणेच तिचे दुसरे किण्वन बाटलीत होते. बुडबुडे त्यातूनच येतात. १९७६ पासून तिला अधिकृत मानांकन आहे.

तिच्यासोबत तेथे ‘फ्लामक्युश’ वाढतात. पातळ लाटलेल्या पिठावर साय, कांदा व बेकन घालून ती भाजतात. बेकन खारट असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते वगळून मागावे. मनुका-बदामांच्या गोड ‘कुगलॉफ’चा मधुमेहींनी लहानसा कापच घ्यावा.

हे खाणे केवळ चवीसाठी नसते. रिकाम्या पोटी मद्यार्क रक्तात झपाट्याने उतरतो. वयपरत्वे शरीरातील पाणी घटते, म्हणून तेवढ्याच पेल्याने ज्येष्ठांचा तोल लवकर जातो. बारा टक्क्यांच्या १०० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम मद्यार्क असतो.

मात्र एक गैरसमज नको. अन्नाने मद्यार्काचा वेग मंदावतो. औषधांशी होणारी त्याची गाठ टळत नाही. झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते, वॉरफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर मध्यरात्रीही धोकादायकरीत्या उतरू शकते. अशांनी नम्रपणे नकार द्यावा आणि घरच्यांनी आग्रह करू नये. न पिणाऱ्यांनी प्रकृतीसाठी म्हणून सुरुवात करण्याचेही कारण नाही.

पेल्यात लिंबू पिळलेला सोडा असला, तरी आनंदात सहभागी होता येतेच.