घरात आलेली बाग

तुळशीचे लग्न आटोपले, की महाराष्ट्रातील गृहिणीला कुंड्यांची विशेष काळजी करण्याचे कारण उरत नाही. मुंबई-पुण्याचा हिवाळा बहुतेक झाडांना मानवतो. परंतु नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, डेहराडून, शिमला किंवा श्रीनगर येथे संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. तेथे याच सुमारास गावाकडून हौसेने नेलेली तुळस काळवंडू लागते, कढीपत्त्याची पाने गळतात आणि मोगऱ्याची वाढ थांबते. सासर-माहेरची आठवण म्हणून जपलेली ही झाडे हातची जाणार की काय, अशी धास्ती मनाला लागते. ती घरात केव्हा आणावी आणि आणल्यावर कशी सांभाळावी, याचा आज विचार करू.

निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री पानांतील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते आणि पाने भोवतालच्या हवेहूनही अधिक गार होतात. पानांतील पाणी गोठले, की ती करपून जातात. म्हणूनच उघड्या गच्चीवरची कुंडी जेथे मरते, तेथेच छपराखाली भिंतीलगत ठेवलेली कुंडी पुष्कळदा वाचते. दिल्लीसारख्या ठिकाणी एवढा आडोसा अनेक झाडांना पुरतो. शिमल्यास किंवा श्रीनगरास मात्र तो पुरत नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. त्याच्या बऱ्याच आधी उष्ण प्रदेशांतील झाडे घरात यावयास हवीत. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागले, की कुंड्या आत घेण्याची वेळ झाली असे समजावे.

आत घेण्यापूर्वी प्रत्येक झाड उजेडात नीट पाहावे. पानांच्या मागे व देठांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण होय. ओल्या फडक्याने तो पुसून काढावा आणि ते झाड काही दिवस इतरांपासून दूर ठेवावे. नाहीतर एका कुंडीची कीड साऱ्या घरभर होते. कुंड्यांना दक्षिणेकडील खिडकी सर्वांत चांगली, कारण हिवाळ्यात सूर्य त्या बाजूने कलतो. रात्री पाने थंडगार काचेला टेकू देऊ नयेत. विजेच्या शेगडीजवळही कुंडी नको; तेथील कोरड्या हवेने पाने वाळतात. झाडांना ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू घरातील माणसांच्याच जिवावर बेततो.

एवढी व्यवस्था करूनही काही झाडे मरतात आणि दोष थंडीला दिला जातो. वास्तविक त्यांतील कित्येक झाडे पाण्याने मेलेली असतात. थंडीत झाडाची वाढ मंदावते, मुळे पाणी कमी घेतात आणि माती लवकर वाळत नाही. सतत ओल्या राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. साहजिकच पाने मलूल होतात. ती तहानली आहेत असे वाटून आपण आणखी एक तांब्या ओततो आणि उरलीसुरली आशाही संपते. म्हणून पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच थोडे पाणी द्यावे. खत तर या दिवसांत देऊच नये. झाड विसावले असता त्याला जेवावयास बसविण्यात अर्थ नाही.

पाने गळालेला कढीपत्ता अनेकजण मेला समजून फेकून देतात. तसे करण्यापूर्वी फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा रंग दिसला, तर झाड जिवंत आहे. वरची फांदी तपकिरी व कोरडी लागली, तरी खाली बुंध्याजवळ पुन्हा पाहावे. तुळशीचा मात्र मुळातच भरवसा कमी. तिच्या वाळलेल्या मंजिऱ्यांतील बी कागदाच्या पुडीत जपून ठेवावे, म्हणजे जुनी तुळस गेली तरी वृंदावन रिकामे राहणार नाही.

आता आनंदाची गोष्ट. दिवाणखान्यात मानाने ठेवलेला कलांचो नुसता हिरवा राहतो आणि मागच्या खोलीच्या खिडकीत जागेअभावी सरकवून दिलेला एखाद्या सकाळी कळ्यांनी भरून येतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. ही किमया रात्रीची आहे. अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले, की काही वनस्पती दिवसाची लांबी ओळखून फुलावर येतात. पुढील संशोधनात असे आढळले, की अशा वनस्पतींना खरी गरज असते ती सलग, अखंड अंधाराची. कलांचो, पॉइन्सेटिया आणि ख्रिसमस कॅक्टस ही सारी याच जातकुळीची. दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात आणि झाडाची रात्र तुटते. मागच्या खोलीत ती पुरी होते. २१ डिसेंबरला मुंबईत सुमारे ११ तासांचा दिवस असतो, श्रीनगरात जेमतेम १० तासांचा. ज्या उत्तरेच्या हिवाळ्याने आपली तुळस काळवंडते, तोच या झाडांना भरपूर रात्र देतो.

पुढील वर्षी हा योग जुळवून आणावयाचा असेल, तर ऑक्टोबरपासून ही कुंडी रात्री दिवा न लागणाऱ्या खोलीत ठेवावी. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ पर्यंत तिला पूर्ण अंधार आणि दिवसा भरपूर उजेड मिळावा. कलांचोला असे सुमारे ६ आठवडे पुरतात. पॉइन्सेटियाला दोन ते अडीच महिने लागतात. त्याची लाल फुले म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, ती वस्तुतः रंगलेली पानेच होत. खरी फुले मधोमध लहान व पिवळसर असतात. ख्रिसमस कॅक्टसला कळ्या दिसू लागल्या, की त्याची जागा वारंवार बदलू नये, कळ्या गळतात.

मैदानी प्रदेशात होळीच्या सुमारास आणि डोंगराळ भागात त्याहून उशिरा, दंव पडण्याचे भय सरल्यावर, कुंड्या पुन्हा बाहेर न्याव्यात. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि त्यानंतर नेहमीच्या जागी, असा क्रम ठेवावा. घरात राहून नाजूक झालेली पाने एकदम कडक उन्हात भाजून निघतात. उबेची चाहूल लागताच पाणी हळूहळू वाढवावे. निष्पर्ण कढीपत्त्याला याच दिवसांत पोपटी कोंब फुटतात आणि मोगराही नवी पालवी धरतो. तोवर, वाचकहो, साल आतून हिरवी असलेली एकही कुंडी रिकामी करू नका.